सेवेरिनाची नडगी

डोंगर जिथे आपली घाण धुतो
त्या ओढ्याकाठी
सेवेरिना मावशी चाळीस वर्षं दगड फोडते.
पालिरी म्हणतात अशा बाईला:
खाणीने फेकलेल्यातून कथील वेचणारी.
हातोडी, चाळणी, गालात कोकाची पानं,
आणि पायाखालून वाहणारं पाणी
कोऱ्या चहासारखं,
वर जांभळी साय.

मार्चमध्ये नडगीला दगडाची कपची लागली.
बोटभर जखम.
तिने फडकं बांधलं, दुसऱ्या दिवशी कामावर.
एप्रिलमध्ये डॉक्टर काल्ले यांनी एक गोळी दिली,
मेमध्ये दुसरी, महागडी.
जूनच्या थंडीत ओढ्याच्या कडा गोठल्या.
जखम ओलीच.

मी ओरुरोच्या इस्पितळात काचेच्या थाळ्या धुवायचे.
आता वाचतेही.
मावशीचा पू मीच पसरला,
वर औषधाच्या सहा चकत्या ठेवल्या, बटणांएवढ्या.
रात्रभरात प्रत्येकीभोवती
रिकामं वर्तुळ पडायला हवं,
लग्नात भांडकुदळ काकाभोवती पडतं तसं.
सकाळी पाहते तर
पाच चकत्यांना खेटून बसलेत सगळे,
जणू घरचंच कार्य.

"अगं, जन्मात गोळी खाल्ली नव्हती मी,"
मावशी म्हणाली,
"मग यांची नि औषधाची ओळख कुठली?"

तिचा प्रश्न मी दोन बाटल्यांत भरून आणला.
एकीत खाणीच्या वरचा गाळ, लामा पाणी पितात तिथला.
एकीत खालचा, मावशीच्या पायाखालचा.
वरचे जीव औषधापुढे वितळले.
खालचे तसेच.
पण खाली औषध कुणी ओतलं होतं?
तिथे जस्त होतं. शिसं, तांबं, कॅडमियम.

जस्त पोटात साचलं की मरण,
म्हणून त्यांनी अंगाच्या भिंतीत पंप बसवले.
गळक्या होडीत बसल्यासारखे
दिवसरात्र उपसत राहिले.
उपसणारा हात बघत नाही
भांड्यात काय आलं.
पाणी आलं, फेकलं.
मासा आला, फेकला.
मावशीची महागडी गोळी आली

फेकली.

काहींकडे तर किल्ल्यांचा जुडगाच.
एक किल्ली धातूची, एक औषधाची, एकाच कड्यात.
धातूच्या भीतीने कडं जपलं
तर दुसरीही आपसूक जपली गेली.
आणि कडं शेजाऱ्याला देता येतं.
शेजारी बांधलं की वाण नाही पण गुण लागतो म्हणतात.
इथे वाणच हातोहात जातो,
सोयरीक नाही, ओळखपाळख नाही.

औषधाच्या पाकिटावर तारीख असते.
ते शिळं होतं, विरतं, विसरलं जातं.
जस्ताला तारीख नाही.
आजोबा ज्या वर्षी खाणीत गेले ते वर आलेच नाहीत
त्या वर्षीचं जस्त
अजून ओढ्यात ताजं आहे.
रोज सकाळी तेच विचारतं गाळाला:
आज कोण जगणार?

सहाव्या चकतीभोवती वर्तुळ होतं,
नखाएवढं.
त्या नखाएवढ्या जागेवर
आम्ही दहा दिवस सुई टोचत राहिलो.
जखमेवर खपली धरली.
सातवी चकती आमच्या कपाटात नाही.
हे मी मावशीला सांगितलं नाही.

जाताना म्हणाली, "दाखव की तुझे ते राक्षस."
मी थाळी उजेडात धरली.
तिने चष्मा नाकावर ढकलला,
फार वेळ पाहिलं.
"खाणीने टाकलेल्यावर जगतात," म्हणाली,
"गरीब बिचारे.
कामसू दिसतात."

मग नडगीला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली,
वर दोरी,
आणि विचारलं,
ओढ्याकडे जाणारा ट्रक किती वाजता सुटतो.